हळू धावायला शिकवणारा पट्टा

धावणाऱ्या कुणालाही विचारा, आज कसं झालं धावणं, तर उत्तर पेसमध्ये येतं, म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं लागली त्यात. साडेसहाने धावलो, सातच्या खाली आणलं, शेवटचा किलोमीटर पावणेसहाने मारला. मलाही पेस आवडतो, त्यात वावगं काही नाही, पण पेस हे रस्त्याचं माप आहे. अमुक इतका रस्ता तमुक इतक्या वेळात मागे पडला एवढंच त्यातून कळतं, तो मागे टाकायला शरीराला आतून काय करावं लागलं याचा त्यात पत्ताच नसतो. चांगली झोप झालेली, हवा गार, पाय मोकळे, अशा दिवशी सातचा पेस गप्पा मारत निघतो आणि उकाड्यात, रात्री धड झोप नसताना, डोक्यात कामाचं काहीतरी घोळत असताना तोच सातचा पेस जीव काढतो. पेस बघितला तर दोन्ही दिवस सारखेच. छातीला हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा लावलेला असेल तर मात्र दोन दिवसांतला फरक सरळ समोर दिसतो.

मी बरीच वर्षं हार्ट रेट बघत धावतेय आणि मला हे यंत्र मनापासून आवडतं. म्हणूनच वाईट वाटतं की माझ्या आसपास कितीतरी जण मोठ्या उत्साहाने पट्टा किंवा घड्याळ घेतात, महिनाभर आकडे बघतात आणि मग ते कपाटात जातं. त्यांच्याशी बोलल्यावर बहुतेक वेळा हेच निघतं की ते जोरात धावायच्या दिवशी हे यंत्र वापरत होते, आज किती वर नेला हार्ट रेट हे बघायला. माझं मत नेमकं उलटं आहे. हार्ट रेट मॉनिटरचा खरा उपयोग सोप्या दिवसांचा आहे, हळू धावायच्या दिवसांचा, आणि ते दिवस बहुतेकांना जमतच नाहीत, तरी त्यांना वाटतं आपण हळूच धावतोय.

आधी हे यंत्र मोजतं काय ते बघू, कारण ते नीट कळलं की पुढचं बरंचसं आपोआप कळतं. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटासा पुंजका असतो, सायनस नोड, तो ठोक्यांचा ताल धरतो. त्याला कुणी हातच लावला नाही तर तो मिनिटाला साधारण शंभराच्या आसपास ठोके देतो. आता आपले निवांत बसल्यावरचे ठोके साठ-सत्तर असतात, ते कसे काय? तर व्हेगस नावाची नस त्यावर सतत ब्रेक दाबून ठेवते म्हणून. आपण धावायला लागलो की पहिल्यांदा हा ब्रेक सुटतो, म्हणून सुरुवातीच्या काही सेकंदांतच ठोके पटकन वर जातात, आणि त्यानंतर जी वाढ होते ती ठोके वाढवणाऱ्या दुसऱ्या नसांमुळे आणि अ‍ॅड्रेनलिनमुळे होते, ती सावकाश येते. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार भारी वाटलं होतं, म्हणजे विश्रांती हीसुद्धा शरीराने केलेली एक कृती आहे, कुणीतरी आत बसून आवरून धरलंय सगळं.

दुसरी गोष्ट म्हणजे ठोक्यांची संख्या हा अर्धाच हिशोब आहे. हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं हे ठरतं ठोके गुणिले एका ठोक्यातलं रक्त यावर. निवांत असताना हे साधारण पाच लिटर असतं, आणि जोरात धावताना सामान्य माणसात वीस लिटरच्या आसपास जातं, जगातले अव्वल खेळाडू तर पस्तीसच्या पुढे नेतात. आता महिनोन्महिने धावल्यावर बदलतं काय, तर एका ठोक्यातलं रक्त वाढतं. अंगातल्या रक्ताचा पातळ भाग, प्लाझ्मा, तो आधी वाढतो, अगदी काही दिवसांत वाढायला लागतो, मग हृदयाचा डावा कप्पा हळूहळू मोठा आणि लवचिक होतो. १८९९ साली सलोमन हेन्शेन नावाच्या स्वीडिश डॉक्टरने बर्फावर स्की करणाऱ्यांची छाती नुसती बोटांनी ठोकून, आवाजावरून हृदयाच्या कडांचा अंदाज घेत, सांगितलं होतं की या लोकांची हृदयं मोठी आहेत. एक्स-रे नाही, काही नाही, नुसती बोटं आणि कान! तर एका ठोक्यात जास्त रक्त जायला लागलं की तेवढंच काम कमी ठोक्यांत होतं, आणि तुमच्या पट्ट्यावर पूर्वी १५५ दाखवणारा पेस काही महिन्यांनी १४५ ला यायला लागतो. कमाल हार्ट रेट, म्हणजे जास्तीत जास्त किती ठोके पडू शकतात तो आकडा, तो मात्र सरावाने वाढत नाही. तो वयाबरोबर उतरत जातो आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

ठोके मोजायची माणसाची धडपड फार जुनी आहे. इटलीतल्या सांतोरिओने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला लंबकाची दोरी कमीजास्त करून नाडीशी ताल जुळवायचा आणि दोरीची लांबी हेच माप धरायचं अशी युक्ती काढली होती. १७०७ मध्ये जॉन फ्लॉयर या इंग्लिश डॉक्टरने बरोब्बर एक मिनिट चालून थांबणाऱ्या घड्याळाने नाडी मोजायची पद्धत मांडली. मग डच शास्त्रज्ञ आइंथोवेन यांनी हृदयाची वीज कागदावर उतरवली, म्हणजेच ईसीजी, १९२४ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. पण हे सगळं माणूस स्थिर असतानाचं. पळणाऱ्या माणसाची अडचण अशी की मोजायला थांबावं लागतं, गळ्यावर दोन बोटं टेकवून दहा-पंधरा सेकंद मोजायचं, आणि थांबल्याक्षणी ठोके उतरायला लागतात, म्हणजे जे मोजायचं तेच निसटून जातं. ही अडचण सोडवली फिनलंडने. १९७७ मध्ये तिथे पोलर नावाची कंपनी सुरू झाली, त्यामागची गरज स्कीइंगच्या प्रशिक्षणाची होती, आणि १९८२ मध्ये त्यांनी छातीवरचा ट्रान्समीटर आणि मनगटावरचं घड्याळ असं बिनवायरचं मॉनिटर बाजारात आणलं. आजचा पट्टा मुळात तोच आहे, फक्त बराच हलका झालाय.

पट्टा की मनगटावरचं घड्याळ, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो म्हणून थोडं सविस्तर सांगते. पट्टा हृदयाची वीज वाचतो. घड्याळ रक्ताचा प्रकाश वाचतं, म्हणजे त्याच्या खालचे हिरवे दिवे त्वचेत प्रकाश टाकतात, रक्त हिरवा प्रकाश शोषतं, प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातलं रक्त कमीजास्त होतं तसा परत येणारा प्रकाशही कमीजास्त होतो आणि त्यावरून ठोके काढले जातात. झोपेत, बसल्या जागी, चालताना हे छान चालतं. धावताना हात हलतो, घड्याळ हलतं, गार हवेत कातडीकडे जाणारं रक्तच कमी होतं, टॅटू असेल तर आणखी घोळ, आणि सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे कधीकधी घड्याळ ठोक्यांऐवजी पावलंच मोजायला लागतं. मिनिटाला १७० पावलं पडत असतील तर पडद्यावर हार्ट रेट १७० दिसतो, सरळ रेषेत, हलायला तयार नाही. सावकाश धावताय, शेजारणीशी बोलताय, आणि आकडा म्हणतोय १७२. अशा वेळी आकड्यावर विश्वास ठेवू नका, घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवा, पट्टी एक भोक घट्ट करा, मिनिटभर चाला, बहुतेक वेळा आकडा धाडकन १४० वर येतो.

पट्ट्याचेही त्याचे नखरे आहेत. त्याच्या आतल्या बाजूला दोन काळसर रबरी चौकोन असतात, ते कोरडे असले की सुरुवातीची पाच-दहा मिनिटं आकडा वाट्टेल तिथे उड्या मारतो, ८० वरून १९०, मग १२०, आणि घाम आला की सुतासारखा सरळ होतो. म्हणून घालायच्या आधी नळाखाली ते चौकोन ओले करायचे. छातीच्या बरोब्बर खाली, बरगड्यांना लागून, श्वास पूर्ण सोडल्यावरही घसरणार नाही इतका घट्ट. बायकांना स्पोर्ट्स ब्राच्या खालच्या पट्टीशी याचं भांडण होतं, दोन्ही एकावर एक आले की काचतं आणि लांबच्या रनला सालटी निघतात, तर पट्टा ब्राच्या पट्टीखाली बोटभर जागा सोडून घालावा किंवा सरळ दंडावर बांधायचा प्रकाशवाला पट्टा घ्यावा, मनगटापेक्षा दंडावर तो खूपच नीट चालतो. आल्यावर पाण्याने खळबळून टाकायचा आणि बटणासारखा भाग काढून ठेवायचा, ओल्या पट्ट्याला तो तसाच लटकत राहिला तर त्याला वाटतं अजून कुणीतरी घातलंय आणि बॅटरी उतरत राहते.

आता आकडे. अ‍ॅप चालू केलं की ते वय विचारतं आणि २२० मधून वय वजा करून कमाल हार्ट रेट ठरवून टाकतं, मग त्याचे पाच झोन, म्हणजे हलक्यापासून जोरापर्यंतचे टप्पे, पाडून रंगीत पट्ट्या करून देतं. हे २२० आलं कुठून? १९७० च्या सुमारास फॉक्स, हॅस्केल वगैरे मंडळींनी आधीच्या वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे एकत्र मांडले आणि त्यांच्यातून साधारण जाईल अशी एक रेघ ओढली, तीच ही. पुढे २००२ मध्ये दोन संशोधकांनी या सूत्राचं मूळ शोधत माग काढला तेव्हा त्यांना त्यामागे स्वतंत्र असं मूळ संशोधनच सापडलं नाही. त्याच्या आदल्या वर्षी तनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बऱ्याच मोठ्या माहितीवरून दुसरं सूत्र दिलं, २०८ वजा वयाचे सात दशांश. गंमत म्हणजे चाळिशीला दोन्ही सूत्रं १८० च देतात, पण विशीत जुनं सूत्र २०० सांगतं आणि नवं १९४, आणि साठीत जुनं १६० तर नवं १६६. म्हणजे जुन्या सूत्राने साठीतल्या माणसाला उगाचच आणखी आवरून धरलं जातं.

पण नवं घ्या नाहीतर जुनं, सूत्र सरासरीचं असतं. एकाच वयाच्या माणसांचे खरे आकडे या सरासरीच्या दोन्ही बाजूंना दहा-बारा ठोक्यांनी सहज पसरलेले असतात. म्हणजे चाळिशीतल्या शंभर जणांपैकी तीसेक जण १७० ते १९० या टप्प्याच्या बाहेर निघतील, काही १६५ वाले, काही थेट २०० वाले, आणि हे सगळे अगदी ठणठणीत असतात. आता ज्याचा खरा कमाल आकडा १९८ आहे त्याला अ‍ॅप १८० धरून झोन देणार, मग तो बिचारा सोप्या धावण्यातसुद्धा सतत लाल रंगात, त्याला वाटतं आपल्यात काहीतरी बिघाड आहे. मी अशी माणसं बघितलीत, घाबरून डॉक्टरकडे गेलेली. आणि उलट ज्याचा खरा १६६ आहे तो अ‍ॅपच्या हिरव्या रंगात खुशाल रोज छातीचा भाता करत धावतोय आणि त्याला कळत नाही की पाय कायम जड का.

स्वतःचा आकडा स्वतःच काढावा लागतो, त्याला पर्याय नाही. आधी डॉक्टरांकडून तपासून घेतलेलं असेल, चांगला पायाभूत सराव असेल तर एखाद्या पाच किलोमीटरच्या शर्यतीत शेवटचे चारशे मीटर जीव तोडून धावा, त्यात दिसलेला सर्वात मोठा आकडा कमाल आकड्याच्या जवळपास असतो. नाहीतर लांब चढ शोधायचा, नीट वॉर्मअप करायचा, दोन-तीन मिनिटं जोरात वर, सावकाश खाली, परत वर, आणि शेवटच्या फेरीत काहीही शिल्लक ठेवायचं नाही. ज्यांना कमाल आकड्याच्या भानगडीत पडायचं नाही त्यांच्यासाठी जो फ्रील या प्रशिक्षकाची पद्धत बरी वाटते, तीस मिनिटं एकट्याने, शर्यतीसारखं, टिकवता येईल तितक्या जोरात धावायचं आणि शेवटच्या वीस मिनिटांची सरासरी घ्यायची, तो तुमचा थ्रेशहोल्डचा आकडा, म्हणजे बराच वेळ टिकवता येईल अशा जोराची वरची सीमा. सोपं धावणं त्याच्या बरंच खाली ठेवायचं.

कार्व्होनेन या फिनिश संशोधकाची १९५७ ची पद्धत मला आणखी आवडते कारण त्यात निवांत असतानाचे ठोकेही धरले जातात. कमाल १८५ आणि सकाळचे निवांत ६० असतील तर मधली जागा १२५ ची. त्याचे साठ टक्के ७५, त्यात ६० मिळवले की १३५. सत्तर टक्क्यांनी साधारण १४८. ही झाली सोप्या धावण्याची चौकट. निवांत ठोके ४८ असणारीला तीच चौकट वेगळी बसते, आणि बसायलाच हवी.

आता मुद्द्याचं. ही चौकट हातात घेऊन पहिल्यांदा धावायला निघाल तेव्हा बहुतेकांचा विश्वासच बसत नाही की इतकं हळू धावायचं असतं. पाचव्या मिनिटाला घड्याळ पिपाणी वाजवायला लागतं. हळू केलं तरी वाजतं. आणखी हळू केलं तर वाटतं याला धावणं म्हणायचं की लंगडणं. थोडासा चढ लागला की चालावंच लागतं, आणि नेमकं तेव्हाच ओळखीचं कुणीतरी बाजूने सप्पकन निघून जातं. हा टप्पा फार कठीण आहे, दमायला होत नाही म्हणूनच कठीण, कारण आपल्या मनात कुठेतरी पक्कं बसलेलं असतं की घाम आणि धाप म्हणजेच मेहनत. मला पट्ट्याबद्दल सर्वात जास्त कृतज्ञता वाटते ती इथे. त्याने मला हळू धावायची परवानगी दिली. कुणी माणूस म्हणाला असता हळू धाव तर मी ऐकलं नसतं, आकड्याचं ऐकलं, कारण आकडा मला कमी लेखत नव्हता, तो फक्त आतलं सांगत होता.

आणि हळू धावण्यात घडतं काय? स्नायूंमधले मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशींतले ऊर्जा तयार करणारे भाग, वाढतात, स्नायूंभोवती केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं, शरीर चरबी जाळून चालायला शिकतं आणि साखर राखून ठेवतं. हे सगळं जोरात धावूनही होतं, पण जोरात धावून किती धावणार? दुसऱ्या दिवशी पाय बोलतात. हळू धावलं की उद्या परत धावता येतं, परवा परत, आणि या कामात एकूण किती तास पडले त्यालाच महत्त्व आहे. स्टीफन सायलर या नॉर्वेत काम करणाऱ्या संशोधकाने रोइंग, स्कीइंग, सायकलिंग, धावणं अशा खेळांतले अव्वल खेळाडू प्रत्यक्षात सराव कसा करतात ते बघितलं तर साधारण ऐंशी टक्के सत्रं सोपी आणि वीस टक्के कठीण असं निघालं. तेच आपल्यासारखे हौशी लोक काय करतात, तर रोज मधल्या जोरात. ना धड सोपं ना धड कठीण. सोप्या दिवशी थोडं जास्त जोरात, मग थकवा साठतो, मग कठीण दिवशी खरा जोर लावायला अंगात काही उरत नाही, आणि असं वर्षानुवर्षं एकाच पेसला अडकून राहतात.

मार्क अ‍ॅलनचं उदाहरण याबाबतीत प्रसिद्ध आहे. फिल मॅफेटोन या प्रशिक्षकांनी त्याला १८० वजा वय अशा मर्यादेखाली सराव करायला लावला, एवढ्या तगड्या खेळाडूलासुद्धा सुरुवातीला कमालीचं हळू धावावं लागलं, आणि हवाईची आयर्नमॅन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं एकामागोमाग करायची स्पर्धा, तो पुढे सहा वेळा जिंकला. त्या १८० ला मी स्वतः काही मानत नाही, जो दोष २२० मध्ये आहे तोच त्यातही आहे. पण आकड्याच्या खाली राहायची शिस्त, ती खरी.

आमच्या ग्रुपमध्ये एक काका आहेत, साठी ओलांडलेले, त्यांना रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू आहे. ही गोळी ठोक्यांना वर जाऊच देत नाही, त्यामुळे त्यांच्या बाबतीत सगळे तक्ते फोल. एकदा आम्ही सोबत धावत होतो, चढावर माझा १५१ आणि त्यांचा ११२. आमच्यातला एक नवीन मुलगा म्हणाला, "काका, तुम्ही तर काहीच जोर लावत नाहीये!" काकांना उत्तर द्यायला दोन श्वास थांबावं लागलं. मग म्हणाले, "अरे, मला बोलायला लावलंस आणि मी वाक्य तोडून बोलतोय, म्हणजे मी जोरात आहे. माझं मीटर हे." आणि ओठांकडे बोट दाखवलं. त्यांच्या डॉक्टरांनीच त्यांना सांगितलंय की पूर्ण वाक्य बोलता आलं तर सोपं, दोन-तीन शब्दांवर दम घ्यावा लागला तर थांबा. ही बोलून बघायची चाचणी कुठल्याही पट्ट्याच्या बरोबरीने वापरावी असं माझं म्हणणं आहे. दोन्ही जुळले तर उत्तम, नाही जुळले तर आधी पट्टा तपासा, मग सूत्र, मग स्वतःची झोप.

याच विचाराचं एक सुंदर साधन स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी केलंय. मेहनत किती वाटतेय हे माणसाने स्वतःच सांगायचं, सहा ते वीस या पट्टीवर. सहापासून का सुरू? तर सांगितलेल्या आकड्याला दहाने गुणलं की साधारण हार्ट रेट यावा म्हणून, सहा म्हणजे निवांत ६०, तेरा म्हणजे १३०, वीस म्हणजे २००. म्हणजे बोर्ग यांचा माणसाच्या जाणिवेवर इतका विश्वास होता की ठोके मोजायच्या ऐवजी तिलाच विचारा म्हणाले. मी अधूनमधून पट्टा घालून घड्याळाचा पडदा झाकते, धावताना मनात आकडा ठरवते आणि मग बघते. सुरुवातीला वीसेक ठोक्यांची तफावत यायची, आता चार-पाचच्या आत येतं, आणि ते जुळतं तेव्हा जो आनंद होतो तो शर्यत जिंकल्यासारखा असतो.

लांबच्या रनला आणखी एक प्रकार दिसतो. पेस तोच, रस्ता सपाट, तरी तासाभरानंतर ठोके वर सरकायला लागतात, १४० चे १४८, मग १५५. याला कार्डिअ‍ॅक ड्रिफ्ट म्हणतात. घामातून पाणी जातं, अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, हृदयाकडे परत येणारं रक्त कमी पडतं, एका ठोक्यातलं रक्त घटतं आणि हृदय ते ठोके वाढवून भरून काढतं. उकाड्यात हे फारच ठळक होतं. मला वाटतं फिटनेस कळायची ही सर्वात प्रामाणिक खूण आहे, दर आठवड्याला नवा विक्रम करण्यापेक्षा कितीतरी बरी. रनचे दोन भाग करा, दोन्हींमध्ये पेस आणि ठोके यांचं प्रमाण काढा, फरक पाच टक्क्यांच्या आत असेल तर पाया चांगला झालाय असं प्रशिक्षक मानतात. हवा साधारण सारखी असेल तेव्हाच तुलना करायची, हे सांगायला नकोच.

आणि जोरात धावायच्या दिवशी? तेव्हा आकडा मागे राहतो. चारशे मीटरची फेरी दीड-दोन मिनिटांत संपते, ठोक्यांना वर पोचायलाच मिनिटभर लागतं, म्हणजे फेरी संपताना कुठे आकडा खरा व्हायला लागतो. त्या दिवशी पेस आणि दम बघायचा. शर्यतीच्या सुरुवातीलाही तेच, उभ्या उभ्याच ठोके शंभराच्या पुढे गेलेले असतात, ती नुसती उत्सुकता. पहिले दोन-तीन किलोमीटर मी आकडा बघतच नाही.

सकाळचे निवांत ठोके हा भाग मला पूर्वी कंटाळवाणा वाटायचा, आता तोच सर्वात आधी बघते. नेहमीच्या ५४ ऐवजी ६२ आले की काहीतरी चाललंय, झोप, ताण, सर्दी. ताप एक अंश सेल्सिअसने चढला की ठोके साधारण दहाने वाढतात, म्हणून आजाराची चाहूल कधीकधी घशाआधी इथे लागते. बायकांसाठी मुद्दाम सांगते कारण हे कुणी सांगत नाही, पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात निवांत ठोके दोन-चारने वर असणं अगदी स्वाभाविक आहे, तेव्हा धावतानाही आकडा थोडा चढा दिसतो आणि उकाडा जास्त जाणवतो. याला फिटनेस गेला असं समजून घाबरायचं नाही. मी महिन्याच्या त्याच दिवसांची तुलना मागच्या महिन्याच्या त्याच दिवसांशी करते, एवढं केलं तरी निम्मी काळजी मिटते. मात्र छातीत दुखणं, चक्कर, बसल्या जागी ठोके विचित्र पळणं किंवा चुकणं, असं काही असेल तर अ‍ॅपमधले आलेख बघत बसू नका, डॉक्टर गाठा. घरातला पट्टा निदान करत नाही.

एक मैत्रीण नुकतीच धावायला लागलीय. तिने पट्टा आणला आणि पहिल्याच दिवशी विचारलं, "अगं, मी कुठल्या झोनमध्ये धावू?" मी म्हटलं, महिनाभर कुठल्याच नाही. पट्टा घाल, पडदा झाक, बोलता येईल इतपत धाव, आलीस की मला आलेख पाठव, आकडे आपण नंतर लावू. काल तिचा पहिला आलेख आला. चाळीस मिनिटं, मधली तीस अगदी सपाट, १४२ ते १४६, आणि सुरुवातीला मात्र १८८ चं मोठं टोक. खाली काळजीचे तीन चेहरे टाकलेले. मी लिहिलं, टोक खोटं आहे, चौकोन कोरडे होते, उद्या नळाखाली धरून घाल. पण त्या मधल्या तीस मिनिटांकडे नीट बघ, असं सपाट धावायला मला किती महिने लागले होते ते तुला भेटल्यावर सांगते.